घर उतरवताना

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात मारुंजीच्या गावठाणातलं एक घर उतरवायला घेतलं होतं. मी राहते ती इमारत तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. बारा मजली. हिंजवडीच्या लक्ष्मी चौकातून मारुंजीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना अशाच इमारती दिसतात आणि मधेच डाव्या हाताला जुन्या गावाची कौलं डोकावतात. सात वर्षं मी ती कौलं बाल्कनीतून पाहत आले होते. त्यांतली काही एका सकाळी दिसेनाशी झाली, म्हणून चपला घालून खाली उतरले.

घर पाच खणी होतं. दर्शनी ओसरी, आत माजघर, वर धान्याचा माळा. कौलं उतरवून एका बाजूला उभी रचली होती आणि उघड्या आढ्यावर साठी उलटलेले एक सुतार पाय फाकवून बसले होते. त्यांच्या हातात पहार नव्हती, घण नव्हता. लाकडी हातोडा आणि लोखंडाची एक बोथट कांब होती. तुळई आणि खांब जिथे भेटतात तिथली खुंटी ते पलीकडच्या बाजूने हलके ठोके देत बाहेर काढत होते.

“काका, पाडायला किती दिवस लागतील?” मी खालून विचारलं.

“पाडायचं न्हाई ताई,” ते वरूनच म्हणाले. “पाडायचं ते समोरचं, शिमिटाचं. हे उतरवायचं.”

समोर खरोखरच तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं एक स्लॅबचं घर होतं. आदल्या आठवड्यात जेसीबीने ते अर्ध्या दिवसात पाडलं होतं आणि त्यातून निघालेला राडारोडा अजून रस्त्यात पडलेला होता. त्या राडारोड्यातून पुन्हा वापरण्यासारखं निघालं ते वाकडं लोखंड, बाकी काही नाही. या घराच्या अंगणात मात्र वासे एकीकडे, रिपा एकीकडे, पाट्या एकीकडे आणि दारं भिंतीला टेकवून, अशी मांडामांड चालली होती.

पुणे महापालिका दर पावसाळ्याआधी पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्या बातम्यांतही ‘वाडे उतरवले’ असंच छापून येतं. मी ते अनेकदा वाचलं होतं आणि सरकारी मराठीचा नमुना म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी कळलं की तो शब्द कचेरीत जन्मला नाही. तो सुतारांच्या तोंडून आला आहे आणि त्यात या घरांचं सगळं स्थापत्य सामावलेलं आहे. जे चढवलेलं असतं तेच उतरवता येतं.

आपल्याकडच्या जुन्या घराची भिंत पाहून कुणालाही वाटेल की तीच छप्पर तोलून धरते. दोन-दोन हात रुंद मातीची भिंत, खालचा भाग दगडी, वर पांढऱ्या मातीच्या किंवा भाजलेल्या चपट्या विटा, आणि त्यावर शेणामातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा. या भिंती ऊन-पाऊस अडवतात, रात्री गारवा राखतात, चोरापासून वाचवतात. पण बऱ्याच ठिकाणी छपराचा मुख्य भार खांबांवर असतो आणि यातले काही खांब तर भिंतीच्या पोटातच दडलेले असतात. जोत्यावर घडीव दगडाचा तळखडा बसवायचा. त्यावर खांब उभा करायचा, म्हणजे जमिनीतली ओल आणि वाळवी थेट लाकडाला भिडत नाही. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे हात पसरल्यासारखे हस्त, त्यांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट्या. याला कडीपाट म्हणतात. पाट्यांवर मातीचा थर दिला की वरच्या मजल्याची जमीन तयार होते. सर्वांत वर आढं, आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरत येणारे वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं.

दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे खण. पूर्वी घराचा आकार सांगायला फूट किंवा मीटर लागत नसत. तीन खणी घर, पाच खणी सोपा असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभं राहायचं. खण सहसा पाच-सहा फुटांचा. लाकूड किती लांब मिळेल आणि किती भार वाकल्याशिवाय पेलेल, यावरून तो ठरायचा. घर वाढवायचं तर खण वाढवायचा. भाऊ वेगळे झाले तर खण वाटून घ्यायचे. वाटण्यांच्या जुन्या कागदांत खणांचे हिशोब येतात ते यामुळेच.

सुतारकाकांनी खुंटी काढली, तुळईचं टोक चार बोटं उचललं आणि मला खालून बघायला सांगितलं. खांबाच्या माथ्यावर कोरून काढलेला चौकोनी कुसू होता आणि तुळईच्या पोटात त्याच्याच मापाची खाच. एकही खिळा नाही. तुळईच्या कडेला मात्र पटाशीने ओढलेल्या तीन उभ्या रेघा होत्या आणि खांबावर नेमक्या त्याच जागी आणखी तीन. पलीकडच्या खांबावर चार होत्या.

“ही वळख,” काका म्हणाले. “खाली जुळवून बघतात, खूण करतात, मग वर चढवतात. तिसरा तिसऱ्यालाच बसणार. चौथ्यावर ठेवला तर कुरकुर करतो.”

या खुणा मी आधी छायाचित्रांत पाहिल्या होत्या, पण त्या इंग्लंडमधल्या घरांच्या होत्या.

इंग्लंडला जाणारे मराठी प्रवासी सहसा ज्या एका जुन्या घरासमोर उभे राहून फोटो काढतात, ते स्ट्रॅटफर्डच्या हेन्ली स्ट्रीटवरचं शेक्सपिअरचं जन्मघर. ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधल्या चौकोनांत माती-चुन्याचा भराव, अशी त्याची घडण. या पद्धतीच्या घरांत सुतार आधी मोकळ्या जागेत सगळा सांगाडा आडवा मांडून जुळवत. प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरून खूण करत आणि मग सुटे भाग गाडीवर लादून जागेवर नेऊन उभे करत. खांबात कुसू, कुसूला खाच, खाचेतून आरपार खुंटी. त्या खुंटीत एक बारीक हुशारी होती. खाचेतलं भोक आणि कुसूतलं भोक जाणूनबुजून किंचित सरकवून पाडत, त्यामुळे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जाई. ओक ओला असतानाच कापत आणि घडवत, कारण वाळलेला ओक हत्यारांना दाद देत नाही. पुढे घरातच तो वाळत गेला की पीळ पडे, भिंती तिरप्या होत, मजले एका अंगाला झुकत. त्या घरांचं पर्यटकांना जे वाकडेपण आवडतं ते बऱ्याच अंशी असं आलेलं आहे. आपल्याकडे सागाने असला त्रास दिला नाही. साग तेलकट, वाळल्यावर फारसा न हलणारा, वाळवीला सहसा दाद न देणारा. म्हणूनच दोनशे वर्षांच्या वाड्यातली तुळईसुद्धा दोरी लावून पाहिली तर सरळ भरते.

भिंतीच्या बाबतीत तर ही दोन घरं सख्ख्या बहिणी वाटतात. इंग्लंडमध्ये सांगाड्याच्या मधल्या चौकोनात फोकांची वीण करून तिच्यावर माती, शेण आणि गवताचा लगदा थापत. आपल्या मावळ-मुळशीत गरिबाचं घर असंच असायचं. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून कूड करायचा आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने सारवायचा. अनेक वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी मुळशीच्या डोंगरांवर उदंड आहे. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन मुलखांतल्या माणसांनी समोर असलेलं लाकूड, माती आणि जनावर पाहून एकच युक्ती काढली. मला हे फार मोलाचं वाटतं. इंग्लंडमधली काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतीची झगझगीत रंगसंगती मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. मूळ घरांत ओक उघडा राहून राखाडी पडायचा.

आता पुण्याकडे येऊ, कारण मारुंजीच्या पाच खणांचा मोठा भाऊ तिथे उभा राहिला होता. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्च १६,११० रुपये. साग जुन्नरच्या जंगलातून आला, चुना जेजुरीकडून आणि दगड चिंचवडच्या खाणींतून. पिंपरी-चिंचवडला आज कारखान्यांचं गाव म्हणून ओळखतात, पण पेशव्यांच्या सर्वांत मोठ्या वाड्याच्या पायात चिंचवडचा दगड आहे, हे इथल्या शाळांमध्ये मुलांना ठळकपणे सांगायला हवं.

२७ फेब्रुवारी १८२८ला त्या वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आज आपण पाहतो ते जोतं, तटबंदी, कारंज्याचे हौद आणि दिल्ली दरवाजा. दरवाज्याच्या वरचा नगारखाना जरूर पाहावा. त्याच्या लाकडी खांबांवरून आतल्या महालांची घडण कशी असेल याचा थोडा अंदाज येतो. सात दिवस जळण्याइतकं लाकूड तिथे होतं, यातच त्या वाड्याचं खरं माप आहे. दगड उरला म्हणून आपण त्याला किल्ल्यासारखं पाहतो, पण तो होता लाकडाचा वाडा.

लाकडी शहरांच्या नशिबी आग असतेच. लंडनमध्ये २ सप्टेंबर १६६६ला लागलेली आग चार दिवसांहून अधिक चालली, तीत १३,२००च्या आसपास घरं खाक झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पार्लमेंटने नवी घरं विटा-दगडाचीच बांधायची असा कायदा केला. तिकडचा लाकडी सांगाडा मोठ्या शहरातून असा गेला. पुण्यात असा एकच क्षण आला नाही. १८२८ला शनिवारवाडा जळला. मे १८७९मध्ये बुधवारवाडा जळून गेला आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याच्याही एका भागाला आग लावली गेली. सुरुवातीला संशय वासुदेव बळवंत फडक्यांवर गेला होता. पण विश्रामबाग उरला, आणि म्हणून आज आपल्याला पेशवाईतल्या सुतारकामाचा अभ्यास करता येतो.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास, दोन लाख रुपये खर्चून तो बांधला. बाजीराव रस्त्यावरून जाताना त्याच्या पुढच्या सज्ज्याखाली क्षणभर तरी थांबावं. सज्जा बाहेर झुकलेला आहे आणि त्याला आधार देणाऱ्या हस्तांवर केळफुलं कोरलेली आहेत. आतले खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले, आणि खांबाखांबांमध्ये लाकडी महिरपी. मला या कोरीव कामापेक्षा त्यामागचा हिशोब जास्त भावतो. नक्षी जिथे आहे तिथे लाकडाला काम कमी आहे, आणि जिथे भार आहे तिथे सुतार गप्प बसला आहे. १८२१मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे कचेऱ्या आल्या, बराच काळ नगरपालिका होती. वापर बदलला, माणसं बदलली, पण खणांची रचना इतकी साधी आणि सैल की प्रत्येक वेळी नवा वापर तिच्यात सामावला. वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणविसांचा सहा चौकी वाडा पाहतानाही हेच जाणवतं. खणांना खण जोडत तो कृष्णेच्या काठापर्यंत पोचतो.

या घरांबद्दलचं माझं प्रेम आंधळं नाही. वाड्यातलं माजघर अंधारं असायचं आणि त्या अंधारात सर्वांत जास्त वेळ बायका घालवायच्या. देवडीपर्यंत कुणी यायचं, पहिल्या चौकापर्यंत कुणाला येऊ द्यायचं आणि मागच्या दारानेच कुणी यायचं, हे जातीवरून ठरलेलं होतं. उंबरा जितका झिजला तितकाच त्याने माणसांना अडवलंही. सांगाड्याच्या गुणांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

सांगाड्याचा एक गुण मात्र असा आहे की तो कळायला जीव जावे लागले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं झोपेत गेली. मराठवाड्यातल्या त्या घरांतही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा होता आणि त्याला शब्दही तोच, खण. वर धाब्याचं मातीचं छप्पर. दर वर्षी गळती थांबवायला नवा थर देत देत ते फूट-दोन फूट जाड झालेलं. भिंती अनघड दगडांच्या, मातीत बसवलेल्या, अडीच-तीन हात रुंद. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं की अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण मधला लाकडी सांगाडा उभा राहिला होता. लाकडाचा सांधा थोडा हलतो, थोडा झुकतो आणि बळ पचवतो. ढिल्या दगडाच्या जाड भिंतीला ते जमत नाही. त्या गावांत नंतर सिमेंटची नवी वसाहत झाली. लोकांच्या मनात मात्र जुन्या घराने माणसं मारली एवढंच राहिलं. घरातल्या कोणत्या भागाने मारलं आणि कोणत्या भागाने तोलून धरलं, हे कुणी सांगितलंच नाही, आणि खणाचं ज्ञान बदनाम होऊन संपलं. मला याची फार खंत वाटते.

पुण्यातले वाडे दोन गोष्टींनी खचले. पहिली १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, खडकवासल्याचंही धरण टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी चढलं. मातीची भिंत पावसाला तोंड देते, पुराला नाही. ती पाण्यात विरघळते. दुसरी गोष्ट सावकाशीची. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. एका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं, प्रत्येकाचं भाडं मूठभर. त्या पैशांत मालकाला दर वर्षीची शाकारणीही परवडेना. शाकारणी म्हणजे वैशाखात सगळी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवणं. ती चुकली की एका फुटक्या कौलातून पाणी वाशाच्या टोकाशी जातं, तिथून भिंतीत शिरतं आणि भिंतीच्या पोटातल्या खांबाला बाहेरून काही कळू न देता पोखरतं. मग एक दिवस तुळई खचते आणि तिच्याखाली टेकू लावला जातो. पेठांमधले ते टेकू दिलेले वाडे आठवा. त्यांतल्या बहुतेकांचं मूळ दुखणं दहा-वीस कौलांचं होतं.

दुखणं कळलं तर उपाय आहे. खांबाचा सडलेला पाय कापून त्याला त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा सांधता येतो. वर भार असतानाच, शेजारी टेकू देऊन. मारुंजीतल्या काकांनी असं आयुष्यभर केलं होतं. त्यांना गुण्या आणि ओळंबा पुरे. पण त्यांच्या दोन्ही मुलांनी फर्निचरचं काम धरलं आहे, प्लाय आणि लॅमिनेटचं. हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये त्यालाच मागणी.

या सगळ्यात सर्वांत लोभस गोष्ट म्हणजे आपली भाषा. घरं गेली तरी त्यांचं लाकूड मराठीत अजून जागेवर आहे. घर फिरलं की घराचे वासे फिरतात. वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही. बडा घर, पोकळ वासा. ज्यांनी आयुष्यात वळचण पाहिली नाही तेही या म्हणी बिनचूक वापरतात. त्या दिवशी घरमालकाचा मुलगा लाकडाच्या व्यापाऱ्याला सांगण्यासाठी अंगणातले वासे मोजत होता. ओट्यावर त्याची आजी बसली होती. ती म्हणाली, “मोजू नगं रं, खाल्ल्या घरचे वासे मोजू न्हाईत.” मुलगा गोंधळून थांबला. मग आजीने तोंड पलीकडे वळवलं आणि म्हणाली, “मोज आता. मी बघत न्हाई.”

लाकूड कुठे जातं? पेठांमधलं बरंच भवानी पेठेच्या लाकूडबाजारात. तिथे वाड्याच्या तुळया चिरून फळ्या होतात आणि जुना साग म्हणून महाग विकल्या जातात. दिंडी दरवाजे, कोयंडे, कोरीव चौकटी मोठ्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात किंवा हॉटेलांच्या दारात लागतात. जळण होण्यापेक्षा हे बरं, असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं. पण तुळई चिरली की तिच्यावरच्या रेघाही जातात आणि ती कुठल्या खांबाची हे कळण्याची शेवटची सोय संपते.

त्या लाकडातून आणखीही काही वाचता येतं. झाड दर वर्षी एक वलय वाढतं. पावसाळा चांगला तर वलय रुंद, दुष्काळात अरुंद. इंग्लंडमध्ये या वलयांच्या क्रमावरून हजारो घरांचं वय ठरवलं आहे. झाड कोणत्या वर्षी पाडलं, कधीकधी तर कोणत्या ऋतूत, इथपर्यंत. आपल्याकडे पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढण्याचं काम झालं आहे. माझ्या घरापासून ही संस्था तासाभराच्या आत आहे. पेशवाईतल्या वाड्यांच्या तुळयांमध्ये जुन्नरच्या रानातल्या शंभर-दोनशे पावसाळ्यांची नोंद आहे, आणि आपण ती दर उन्हाळ्यात करवतीखाली घालतो. चिरण्याआधी प्रत्येक तुळईची एक चकती कापून ठेवायला काही फार पैसे लागणार नाहीत.

उतरवलेलं घर पुन्हा उभं करता येतं का? येतं. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष सुटे करून दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या दालनात उभं राहिलं की ते स्थलांतरित आहे हे सांगावं लागतं, इतकं ते तिथलं झालं आहे. चिंचवडगावात चापेकर बंधूंचा वाडा स्मारक म्हणून पुन्हा उभा आहे. आणि इंग्लंडमध्ये बेलीफ नावाचं पंधराव्या शतकातलं एक शेतकऱ्याचं घर आहे. १९६०च्या दशकात केंट परगण्यात बाव बीच इथे पाण्याचा मोठा साठा करायचं ठरलं आणि हे घर त्या जागेत येत होतं. तिथल्या लोकांनी ते खुंटी खुंटी सुटं केलं, प्रत्येक लाकडावर क्रमांक घातला आणि ससेक्समध्ये वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात पुन्हा चढवलं. आज तिथे चूल पेटवून पाहुण्यांना त्या काळचा धूर दाखवतात. एका साध्या शेतकऱ्याचं घर. राजाचं नाही, सरदाराचं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपली मुळशी आठवली. मारुंजी मुळशी तालुक्यातच येतं. १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ५०च्या आसपास गावांचा प्रश्न होता. लढा हरला, धरण झालं, पाणी आलं. त्या गावांत ऐन, जांभूळ, नाणा अशा लाकडांची खणांची घरं असणार. त्यांतल्या एकावरही कुणी क्रमांक घातला नाही. माणसांनाच कुठे नेऊन वसवायचं याची कुणाला फिकीर नव्हती, तिथे घरांची कोण करणार? तरी मनात येतं की त्यांतलं एक, एक तरी तीन खणी घर आज कुठे उभं असतं, तर मुळशीची पोरं त्याच्या ओसरीवर बसून तो लढा शिकली असती.

मारुंजीतल्या त्या घराचं पुढे काय झालं हे मी विचारत राहिले. व्यापाऱ्याने फक्त पुढचे दोन सागाचे खांब आणि दारं घेतली. ऐन आणि जांभळाच्या लाकडाला त्याने भाव दिला नाही, ते नशिबाने उरलं. घरमालकाच्या थोरल्या मुलाचं कासारसाईच्या वाटेला शेत आहे. तिथे वैरण ठेवायला शेड करायची होती. पत्रा आणि लोखंडी पाइप असा अंदाज झाला होता. आजीने हट्ट धरला.

मृगाच्या आधी तीन दिवस काकांनी शेतावर दोन खण उभे केले. तळखडे ट्रॅक्टरने आणले होते. मी गेले तेव्हा खांब उभे होते, दोरी ताणून झाली होती आणि काका तुळईवरच्या रेघा बोटाने चाचपत होते. तीन रेघांची तुळई तीन रेघांच्या खांबावर बसली. हातोड्याचा एक ठोका, आणि कुसू आत गेल्याचा एक घट्ट, कोरडा आवाज. तो मी याआधी कधी ऐकला नव्हता.

चौथ्या खांबाचा पाय सडला होता. भिंतीच्या पोटात तो किती वर्षं ओला होता कोण जाणे. काकांनी तो हातभर कापला, जांभळाचा नवा तुकडा घडवला आणि तिरक्या सांध्याने बसवला. खांब उभा करण्याआधी त्यांनी खिशातून पटाशी काढली आणि नव्या लाकडावर, जुन्या चार रेघांच्या सरळ खाली, चार रेघा ओढल्या.